चावीचा सेल संपला, गाडी उघडेना! मुळशी-ताम्हिणीच्या वाटेवर अडकलात तर काय कराल?

*पुश बटण स्टार्ट गाडीची चावी ‘मेली’ तरी दार उघडता येतं आणि इंजिनही सुरू होतं. काच फोडायची किंवा टोइंगवाल्याला बोलवायची गरज बहुतेक वेळा नसते. कसं, ते समजून घ्या सोप्या भाषेत.*

माले (ता. मुळशी) : पावसाळ्यातला रविवार. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकून गाड्यांची रांग मालेमार्गे मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणीकडे सरकत असते. कुणी धबधब्याखाली, कुणी कणसाच्या गाडीपाशी. तास-दोन तासांनी परत येऊन दाराच्या हँडलवरचं बटण दाबावं, तर काहीच होत नाही. रिमोट दाबला तरी लाइट लुकलुकत नाहीत. वरून पाऊस, सोबत लहान मुलं, मोबाइलला रेंज असून नसल्यासारखी. अशा वेळी पहिला विचार येतो तो ‘गाडी बिघडली’ हाच. प्रत्यक्षात अनेकदा बिघडलेली असते ती गाडी नाही. संपलेला असतो तो चावीतला, रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल.

हा सेल घरापाशी संपला तर फारसं काही बिघडत नाही, दुसरी चावी कपाटात असते. पण पुण्यापासून लांब, घाटाच्या तोंडाशी संपला तर दिवस वाया जातो. म्हणूनच निघण्यापूर्वी ही माहिती एकदा वाचून घ्या आणि शक्य असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. घाटात ही बातमी उघडेलच, याची खात्री नाही.

घाई असेल तर एवढंच वाचा

१. रिमोटच्या आत एक छोटी लोखंडी चावी लपवलेली असते. ती काढा आणि ड्रायव्हरच्या दारातल्या कुलपाने दार उघडा.

२. सायरन वाजला तर घाबरू नका. आत बसा आणि दार लावून घ्या.

३. ब्रेक दाबून (मॅन्युअल गिअर असेल तर क्लचही दाबून) रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. बहुतेक गाड्या सुरू होतात.

४. गाडी सुरू झाली की जवळच्या बाजारपेठेत जाऊन नवा सेल घ्या.

आता प्रत्येक पायरी नीट पाहू.

आधी ठरवा, कोणती बॅटरी संपली?

गाडीत दोन वेगवेगळ्या बॅटऱ्या असतात. एक चावीतला ३ व्होल्टचा सेल आणि दुसरी बॉनेटखालची १२ व्होल्टची मोठी बॅटरी. दोन्हींची लक्षणं वरवर सारखी दिसतात, कारण दोन्ही वेळी रिमोटने दार उघडत नाही. उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत.

ओळखण्याची सोपी खूण अशी. लोखंडी चावीने दार उघडल्यावर आतला दिवा लागतो का, पार्किंग लाइट (हझार्ड) चालू होतात का, ते पाहा. दिवे नीट लागत असतील आणि स्टार्ट बटण दाबल्यावर डॅशबोर्डवर ‘की नॉट डिटेक्टेड’ असा संदेश किंवा चावीचं चिन्ह येत असेल, तर दोष चावीच्या सेलचा आहे. दिवेच लागत नसतील, किंवा लागून मंद होत असतील आणि बटण दाबल्यावर फक्त ‘टिक टिक’ आवाज येत असेल, तर मोठी बॅटरी उतरली आहे. तिथे चावी टेकवून काही होणार नाही. दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करावं लागेल.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांनाही हेच लागू आहे. त्यांच्यातही मोठ्या बॅटरी पॅकशिवाय कुलूप आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते.

तिसरी शक्यताही विसरू नका. चावी ठणठणीत असूनही कधी कधी गाडीला ती ‘दिसत’ नाही. मोबाइल, पॉवर बँक किंवा लॅपटॉपला चिकटून चावी ठेवली असेल, अथवा जवळपास शक्तिशाली ट्रान्समीटर असेल, तर सिग्नलमध्ये अडथळा येतो. त्यामुळे आधी चावी खिशातून किंवा पर्समधून वेगळी काढून हातात धरा आणि पुन्हा प्रयत्न करा.

चावी आणि गाडी एकमेकींशी बोलतात कशा?

किल्ली खिशात ठेवूनच दार उघडायचं आणि इंजिन सुरू करायचं, ही सोय १९९० च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीज-बेन्झच्या एस-क्लासमधून ‘कीलेस गो’ या नावाने पुढे आली. तेव्हा ती श्रीमंती थाटाची गोष्ट होती. आज ती मध्यम किमतीच्या हॅचबॅकच्या वरच्या व्हेरिएंटमध्येही मिळते.

यामागचं तंत्र असं आहे. तुम्ही हँडलला हात लावता तेव्हा गाडी आपल्या अँटेनातून कमी फ्रिक्वेन्सीची, साधारण १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची हाक देते. ही हाक जेमतेम मीटरभर अंतरापर्यंतच पोहोचते. चावी ती ऐकते, जागी होते आणि बऱ्याच जास्त फ्रिक्वेन्सीवर, आपल्याकडे सहसा ४३३ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, गुप्त कोड पाठवून उत्तर देते. गाडीने कोड ओळखला की कुलूप उघडतं.

ऐकत राहण्यासाठी चावीला अगदी नगण्य वीज लागते, उत्तर पाठवायला मात्र त्याच्या कित्येक पट जास्त. एक छोटा हिशेब पाहा. सीआर २०३२ या सेलची क्षमता साधारण २२५ मिलीअँपिअर-तास असते. तो दोन वर्षं, म्हणजे १७,५२० तास टिकवायचा तर चावीने सरासरी सुमारे १३ मायक्रोअँपिअरच वीज वापरायला हवी. एवढ्या काटकसरीवर ही यंत्रणा चालते. म्हणूनच चावी सतत ‘जागी’ राहिली, तर सेल वेळेआधीच संपतो.

आता मुख्य मुद्दा. या चावीच्या पोटात आणखी एक चिप असते, तिला ट्रान्सपाँडर म्हणतात. तिला सेलची गरजच नसते. वनाज स्टेशनवर तुम्ही मेट्रोचं कार्ड टेकवता, त्या कार्डात बॅटरी असते का? काचेवरच्या फास्टॅगमध्ये सेल असतो का? नाही. समोरच्या यंत्राकडून मिळणाऱ्या लहरींवरच ती चिप चालते. गाडीतही तसंच आहे. स्टार्ट बटणाभोवती, किंवा कंपनीने ठरवलेल्या दुसऱ्या जागी, तारेचं एक वेटोळं असतं. चावी त्याच्या अगदी जवळ, दोन-तीन सेंटिमीटरवर आणली की चिपला वीज मिळते, ती आपली ओळख सांगते आणि इमोबिलायझर इंजिनला परवानगी देतो.

थोडक्यात, सेल संपल्यावर चावीचा लांबून बोलण्याचा आवाज जातो. कानात कुजबुजण्याची ताकद शिल्लक असते.

पायरी पहिली : दार उघडा

रिमोट हातात घेऊन नीट पाहा. एका बाजूला छोटी खटकी किंवा सरकणारं बटण असतं. ते दाबून ओढलं की लोखंडी चावी बाहेर येते. काही रिमोटमध्ये बटण दाबताच पातं उघडतं.

पुढचा प्रश्न, कुलूप कुठे आहे? अनेक गाड्यांत ते ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलजवळ उघडंच दिसतं. काही नव्या मॉडेलमध्ये ते हँडलच्या टोकाशी असलेल्या प्लास्टिकच्या टोपणाखाली लपवलेलं असतं. अशा टोपणाला बहुधा खालच्या बाजूने बारीक खाच असते. त्या खाचेत चावीचं टोक घालून हलकेच वर उचला. काही गाड्यांत हे करताना हँडल ओढून धरावं लागतं. जोर लावू नका, टोपण तुटतं आणि पावसात पडलं तर सापडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लोखंडी चावीने सहसा फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं. बाकीची दारं आतल्या बटणाने उघडा. शिवाय अशा प्रकारे दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजू लागतो, कारण गाडीला वाटतं की कुणीतरी परकं आत शिरलं. आजूबाजूचे लोक वळून पाहतील, पाहू द्या. गाडीने चावी ओळखली की अलार्म आपोआप थांबतो.

पायरी दुसरी : इंजिन सुरू करा

गिअर ‘पी’ किंवा न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक, मॅन्युअलमध्ये ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबा. मग रिमोट स्टार्ट बटणापाशी न्या. चावी कोणत्या बाजूने टेकवायची, ते कंपनीनुसार बदलतं.

* मारुती सुझुकी : स्टार्ट बटण एकदा दाबा. इशारा देणारा दिवा लुकलुकत असताना रिमोटचं लॉक बटण असलेलं टोक स्टार्ट बटणाला सुमारे दोन सेकंद टेकवून ठेवा.
* ह्युंदाई, किया : बऱ्याच मॉडेलमध्ये बोटाऐवजी थेट रिमोटनेच स्टार्ट बटण दाबायचं असतं, लॉक बटणाच्या बाजूने.
* टोयोटा : इनोव्हासारख्या गाड्यांत रिमोटची बोधचिन्ह असलेली बाजू बटणाला टेकवायची. बझर वाजला की लगेच बटण दाबायचं. ग्लान्झा, हायरायडर ही सुझुकीसोबतची भावंडं आहेत, त्यामुळे त्यांची पद्धत मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.
* होंडा : बटण लुकलुकत असताना रिमोटवरच्या ‘एच’ चिन्हाची बाजू बटणाच्या मधोमध टेकवा आणि आवाज आल्यावर दहा सेकंदांच्या आत बटण दाबा.
* फोक्सवॅगन : काही मॉडेलमध्ये जागा बटणाची नाही. स्टेअरिंग कॉलमच्या उजव्या बाजूला रिमोट धरावा लागतो.

इतर काही गाड्यांमध्ये रिमोट कप होल्डरच्या तळाशी, आर्मरेस्टखाली किंवा यासाठीच केलेल्या खाचेत ठेवायचा असतो. तुमच्या गाडीची नेमकी जागा मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये असेल तर उत्तम. नसेल तर त्याची पीडीएफ आजच मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवा. मालेच्या पुढे नेटवर्क येत-जात असताना ती शोधत बसण्यात अर्थ नाही.

पहिल्या प्रयत्नात सुरू झाली नाही तर रिमोटची बाजू बदला, कव्हर काढा, सोबतच्या जुडग्यातल्या इतर चाव्या आणि धातूची कीचेन बाजूला करा. धातूमुळे चिपपर्यंत पोहोचणाऱ्या लहरी अडतात. जाड सिलिकॉन किंवा धातूचं सजावटी कव्हरही आड येऊ शकतं.

गाडी सुरू झाली, पण मध्येच बंद पडली तर?

हा प्रश्न हमखास पडतो. चावीचा सेल चालत्या गाडीत संपला तरी इंजिन बंद पडत नाही. चालत्या गाडीचं इंजिन केवळ चावी दिसेनाशी झाली म्हणून थांबलं तर अपघात होईल, म्हणून यंत्रणा तशी बनवलेलीच नसते. डॅशबोर्डवर फार तर इशारा येईल.

याचीच दुसरी बाजू अनेकांना माहीत नसते. इंजिन सुरू असताना चावी खिशात असलेली व्यक्ती उतरून गेली, तरी गाडी चालत राहते. समजा, नवरा पिरंगुटला उतरला, चावी त्याच्या खिशात, आणि बायको गाडी घेऊन मालेला पोहोचली. तिने इंजिन बंद केलं की संपलं. पुन्हा सुरू होणार नाही, कारण इथे टेकवायलाही चावी नाही. त्यामुळे उतरताना चावी कुणाकडे आहे, ते विचारायची सवय लावा.

सेल संपलेला असेल तर टेकवून सुरू करण्याची युक्ती कितीही वेळा वापरता येते. ट्रान्सपाँडर संपत नाही. तरीही वाटेत विनाकारण इंजिन बंद करू नका आणि थेट सेल मिळेल तिथे जा. चहाला उतरलात तर गाडी लोखंडी चावीनेच लॉक करा आणि बाकीची दारं लागली आहेत का, ते हाताने ओढून पाहा.

कोणता सेल घ्यायचा, कुठे मिळतो?

सेलवरचा क्रमांक गूढ वाटतो, पण तो सोपा आहे. ‘सीआर २०३२’ मधला ‘सी’ म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइड हा रासायनिक प्रकार, ‘आर’ म्हणजे गोल. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. त्याच हिशेबाने सीआर २०२५ ची जाडी २.५ मिलिमीटर आणि सीआर १६३२ चा व्यास १६ मिलिमीटर. गाड्यांच्या चाव्यांत प्रामुख्याने याच घराण्यातले सेल असतात.

दोन्ही ३ व्होल्टचेच ना, मग २०३२ च्या जागी २०२५ चालेल का? नाही. ०.७ मिलिमीटरच्या फरकाने सेल सैल बसतो, खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क तुटतो आणि पुन्हा तोच प्रश्न. कागदाची घडी घालून बसवण्याचा जुगाड घरी पोहोचेपर्यंत ठीक, कायमचा नाही. ‘एलआयआर २०३२’ नावाचे रिचार्जेबल सेलही बाजारात आहेत. त्यांचा व्होल्टेज जास्त असतो. ते चावीत घालू नका. आणि साधा सीआर सेल कधीही चार्ज करायचा प्रयत्न करू नका.

सेल मिळण्यासाठी कार शोरूमच हवं असं नाही. घड्याळाचं दुकान, मोबाइल रिपेअरिंग, इलेक्ट्रिकल दुकान, स्टेशनरी किंवा औषधाच्या दुकानातही विचारा, कारण ग्लुकोमीटरसारख्या उपकरणांतही हेच सेल लागतात. किंमत साधारण शंभर रुपयांच्या आतबाहेर. मालेहून परतताना तालुक्याचं गाव पौड आणि पुढे पिरंगुटची बाजारपेठ लागते. ताम्हिणी उतरून कोकणात गेला असाल तर माणगाव गाठा.

रिसॉर्टवर किंवा फार्महाउसवर मुक्काम असेल तर एक आडवाटेचा उपाय आहे. वजन करण्याच्या सपाट डिजिटल काट्यात अनेकदा सीआर २०३२ च असतो. मालकाला विचारून तात्पुरता घेता येईल. परत द्यायला मात्र विसरू नका.

सेल बदलायचा कसा?

१. लोखंडी चावी बाहेर काढा. तिच्या खाचेजवळच रिमोट उघडण्याची फट असते.

२. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापड गुंडाळून फटीत घाला आणि हलकेच पिरगळा. दोन भाग वेगळे होतात. पावसात, उभ्याउभ्या हे करू नका. मांडीवर रुमाल पसरून गाडीत बसून करा, छोटा भाग पडला तरी सापडेल.

३. जुन्या सेलची अधिक खुणेची बाजू वर आहे की खाली, त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

४. सेल हलकेच उचकटा. सर्किटला किंवा पितळी पट्ट्यांना बोट लावू नका, पट्ट्या वाकवू नका.

५. नवा सेल कोरड्या कापडाने पुसून कडेने धरून बसवा. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्यांच्या सेलवर कडू लेप असतो. या लेपामुळे काही उपकरणांत संपर्क नीट होत नाही, त्यामुळे चावी चालली नाही तर वेगळा सेल लावून पाहा.

६. रिमोट ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बंद करा. दार उघडं ठेवूनच तपासा.

सेल बदलल्याने चावीचं गाडीशी असलेलं नातं तुटेल, अशी भीती अनेकांना असते. बहुतेक आधुनिक गाड्यांत ओळख क्रमांक कायमस्वरूपी मेमरीत असतो. पुन्हा प्रोग्रॅमिंगची गरज सहसा पडत नाही. नवा सेल टाकूनही चावी चालली नाही, तर आधी सेल उलटा बसलाय का ते पाहा, मग सर्व्हिस सेंटर गाठा.

धबधब्यात चावी भिजली तर?

मुळशीच्या पावसात हे नेहमीचंच. रिमोटवर चार थेंब पडले तर बिघडत नाही, पण खिशातल्या चावीसकट धबधब्याखाली उभं राहिल्यावर पाणी आत जाऊ शकतं. अशा वेळी बटणं दाबत बसू नका. रिमोट उघडा, सेल लगेच काढा, कापडाने पुसा आणि सावलीत वाऱ्यावर वाळू द्या. लायटरची ज्योत, हेअर ड्रायरची गरम हवा किंवा इंजिनची ऊब देऊ नका. तोवर सेल नसलेली चावी टेकवून गाडी सुरू करून पाहा. ट्रान्सपाँडर शाबूत असेल तर सुरू होईल.

झिप असलेली साधी प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवली तर ही वेळच येणार नाही.

मोबाइल ॲप आहे ना, मग काळजी कशाला?

ब्लूलिंक, सुझुकी कनेक्ट, आयरा, किया कनेक्ट अशा ॲपवरून दार उघडता येतं, हे खरं. पण तो आदेश तुमच्या फोनवरून इंटरनेटने कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून गाडीतल्या सिमकडे जातो. म्हणजे फोनला आणि गाडीला, दोघांनाही नेटवर्क हवं. दरीत किंवा घाटात दोन्हीकडे रेंज नसेल तर ॲप नुसतं गोल गोल फिरत राहतं. त्यामुळे ॲप हा जादा आधार समजा. लोखंडी चावी कशी काढायची, हे माहीत असणं जास्त भरवशाचं.

सगळ्यात गंभीर धोका : मूल आत, चावी आत

चावी आत राहिली तर गाडी लॉक होत नाही, असं आपण गृहीत धरतो. सेल चांगला असेल तर बहुतेक गाड्या तसं करतात आणि बीप वाजवून इशाराही देतात. पण सेल कमजोर असेल, किंवा चावी सीटखाली, डॅशबोर्डवर, डिकीच्या कोपऱ्यात असेल, तर गाडीला ती आत आहे हे कळतच नाही आणि कुलूप लागू शकतं. मागच्या सीटवर झोपलेलं मूल असेल तर मग परिस्थिती हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. बंद गाडी उन्हात झपाट्याने तापते. ढगाळ हवेतही आत उष्णता साठते.

असं झालं तर दुसरी चावी पुण्याहून येण्याची वाट पाहू नका. लगेच ११२ वर फोन करा. मूल घामाघूम, निपचित किंवा गुदमरल्यासारखं दिसत असेल तर क्षणाचाही विलंब न लावता मुलापासून सर्वात लांबची बाजूची काच फोडा. काचेच्या मधोमध नाही, कोपऱ्यात टोकदार वस्तूने जोर द्या. समोरच्या काचेवर वेळ घालवू नका, ती दोन थरांची असते आणि सहज फुटून पडत नाही. काच नंतर बसवता येते.

काढलेला सेल खिडकीत ठेवू नका

दुसरा धोका घरातला. काढलेला सेल आपण सहज टेबलावर, खिडकीत ठेवून देतो. रांगतं मूल तो गोळीसारखा गिळू शकतं. २० मिलिमीटरचा हा सेल अन्ननलिकेत अडकला, तर लाळेतून वीज वाहून आतला भाग भाजतो आणि दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. ‘संपलेल्या’ सेलमध्येही इजा करण्याइतकी वीज शिल्लक असते. नुसती शंका आली तरी उलटी करायला लावू नका, ‘शौचातून पडेल’ म्हणून थांबू नका. ताबडतोब एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना सेलचा क्रमांक सांगा.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा संकलन केंद्रात द्या. ओल्या कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा छोट्या सेलच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही आहे.

स्मार्ट की असलेल्या स्कूटरचं काय?

होंडाने जानेवारी २०२३ मध्ये ॲक्टिव्हा ‘एच-स्मार्ट’ आणल्यापासून दुचाकीच्या खिशातही अशी चावी आली आहे. गावाकडून पिरंगुटच्या कंपन्यांमध्ये रोज ये-जा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की दुचाकीची आपत्कालीन पद्धत चारचाकीसारखी असेलच असं नाही. गाडी घेताना चावीसोबत मिळालेले टॅग आणि कागद जपून ठेवा आणि मॅन्युअलमधलं ते पान एकदा वाचा.

सेल लवकर संपू नये म्हणून

* घरी चावी गाडीपासून लांब ठेवा. दारातच गाडी आणि दारामागच्या खुंटीवर चावी असेल तर दोघींचं बोलणं सुरूच राहतं. शिवाय चोरांनी सिग्नल पकडून तो गाडीपर्यंत पोहोचवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत, त्या दृष्टीनेही अंतर बरं.
* टीव्ही, चार्जर, मोबाइलजवळ चावी ठेवू नका.
* पर्समध्ये बटण दाबलं जाणार नाही, याची काळजी घ्या.
* रिमोट पूर्वी लांबून चालायचा आणि आता गाडीजवळ जावं लागतं, एकदा ऐवजी दोन-तीनदा दाबावं लागतं, डॅशबोर्डवर ‘की बॅटरी लो’ येतं, ही पूर्वसूचना समजा. रिमोटवरचा लाल दिवा लागतो म्हणजे सेल चांगला, असं नाही. दिव्याला थोडीच वीज लागते.
* थंडीत सकाळी चावी चालत नाही आणि दुपारी चालते, असं होत असेल तर सेल शेवटच्या घटका मोजतोय.
* टोयोटाच्या काही चाव्यांत सेल वाचवण्याची सोय आहे. लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की दिवा चार वेळा लुकलुकतो आणि चावी झोपी जाते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हा उपयोगी.
* दोन वर्षांतून एकदा, पावसाळ्याआधी दोन्ही चाव्यांचे सेल बदला. कपाटातली चावी वापरली नाही तरी तिचा सेल उतरतच असतो.

निघण्यापूर्वी पाच मिनिटं

आज संध्याकाळी गाडी दारात असतानाच एक सराव करा. रिमोटमधली लोखंडी चावी काढा, तिने दार उघडून पाहा. कुलूप वर्षानुवर्षं वापरलं नसेल तर ते गंजून अडकलेलं असू शकतं, तसं असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी दुरुस्त करून घ्या. मग चावीतला सेल काढून, रिमोट टेकवून इंजिन सुरू करून पाहा. घरातल्या प्रत्येक चालकाला हे एकदा करायला लावा. एक जादा सेल पाकिटातून न काढता ग्लोव्ह बॉक्समध्ये नाही, तर आपल्या पाकिटात किंवा बॅगेत ठेवा. गाडीच उघडली नाही तर ग्लोव्ह बॉक्सपर्यंत पोहोचणार कसे?

रोडसाइड असिस्टन्सचा नंबर विम्याच्या कागदावर असतो, तो फोनमध्ये सेव्ह करा. एवढं केलं की भर पावसात चावीने दगा दिला तरी गाडी पाच-दहा मिनिटांत पुन्हा रस्त्यावर येईल.